भार, वाहणे आणि समाधान : तुकारामांच्या अभंगांतील ईश्वरनिष्ठेची भाषा

संकटकाळी ईश्वरावर भरवसा ठेवल्याने मनाला शांती लाभते, हा अनुभव बहुतेक सर्व धर्मांच्या वाङ्मयात नमूद झालेला आहे. तो अनुभव कोणत्या शब्दांनी व्यक्त होतो हे मात्र भाषेभाषेगणिक भिन्न असते. मराठीपुरते पाहिले तर श्रद्धा, विश्वास, भाव, निष्ठा, भरवसा असे अनेक शब्द या अर्थक्षेत्रात वावरताना आढळतात. 'श्रद्धा' या शब्दातील पूर्वपदाचा संबंध हृदयवाचक प्राचीन शब्दाशी आहे आणि लॅटिनमधील 'क्रेदो' हे क्रियापद त्याच कुळातले आहे, ही गोष्ट तौलनिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. 'विश्वास' हा शब्द 'श्वस्' धातूपासून आला आहे. ज्याच्याजवळ असता निर्भयपणे श्वास घेता येतो तो विश्वासाचा, हा त्यातील मूळ आशय. 'आश्वासन' त्याचेच भावंड होय. या शब्दांत शांती आधीच गर्भित आहे, असे म्हणता येईल.

'विसंबणे' या क्रियापदाचा इतिहास अधिक विलक्षण आहे. जुन्या मराठीत त्याचा अर्थ सोडणे, विसरणे असा होता. आई तान्ह्या मुलाला क्षणभरही विसंबत नाही, या प्रयोगात तो अर्थ अद्याप टिकून आहे. आज एखाद्यावर विसंबणे म्हणजे त्याच्या भरवशावर राहणे. विसरणे आणि भरवसा ठेवणे हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू शकले, याचा उलगडा कदाचित असा असावा : ज्याच्यावर काम सोपवले त्याच्यावर पूर्ण भरवसा असेल, तरच त्या कामाचा विसर पडू शकतो.

परंतु सुट्या शब्दांच्या व्युत्पत्तीवरून एखाद्या संताच्या निष्ठेचे स्वरूप ठरवणे धोक्याचे आहे. शब्द वाक्यात कोणत्या क्रियापदाबरोबर येतो, त्या क्रियेचा कर्ता कोण आणि क्रियापदाचा अर्थ कोणता, हे पाहावे लागते. त्या दृष्टीने तुकारामांचे अभंग विशेष उद्बोधक आहेत. त्यांच्या निष्ठेची कसोटी ज्या संकटात लागली, ते इतिहासाला ज्ञात असलेले संकट आहे.

१६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात या प्रदेशांत भीषण दुष्काळ पडला. शाहजहानच्या दरबारी इतिहासात, अब्दुल हमीद लाहोरीच्या 'बादशाहनाम्यात', त्याचे वर्णन आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानेही सुरत ते बऱ्हाणपूर या वाटेवर दिसलेली दुर्दशा नोंदवून ठेवली आहे. पावसाने दगा दिला असतानाच निजामशाहीविरुद्ध मोगली फौजांची मोहीम चालू होती, आणि याच सुमारास विजापूरकरांच्या सैन्याने पुणे उद्ध्वस्त केले. देहू तेथून फार दूर नाही. तुकारामांचे जन्मवर्ष वादग्रस्त आहे. १६०८ हे प्रचलित वर्ष ग्राह्य धरल्यास दुष्काळ सुरू झाला तेव्हा त्यांचे वय बाविशीच्या आसपास होते. घरी महाजनकी आणि वाण्याचा व्यवसाय होता. आईवडील त्यापूर्वीच निवर्तले होते.

स्वतःच्या आयुष्याची हकिकत तुकारामांनी संतांच्या आग्रहावरून एका दीर्घ अभंगात सांगितली आहे. दुष्काळाने द्रव्य आटले, प्रतिष्ठा गेली, एक पत्नी अन्नासाठी टाहो फोडीत मरण पावली, जीवाला लाज वाटू लागली आणि धंद्यात तूट येत राहिली, असा तो क्रम आहे. या कडव्यांत ईश्वरावरील विश्वासाचा एकही शब्द नाही, शांतीचाही नाही. आहेत ते सगळे व्यवहारातले शब्द : द्रव्य, मान, अन्न, तूट. त्यांच्या पाठोपाठ येते ती पडझड झालेल्या देवळाची गोष्ट. ते पुन्हा उभारावे असे त्यांच्या चित्तात आले. हा क्रम लक्षणीय आहे. आधी शांती लाभली आणि मग काम सुचले, असे येथे घडलेले नाही.

याच अभंगात पुढे 'विश्वास' हा शब्द येतो. पण तो ईश्वराविषयी नव्हे, संतांच्या वचनांविषयी येतो. ती वचने विश्वासपूर्वक आणि आदरपूर्वक पाठ केल्याचे तुकाराम सांगतात, आणि प्रारंभी आपले चित्त अभ्यासाला सरावलेले नव्हते हेही प्रांजळपणे नमूद करतात. कुळाचा धंदा वाण्याचा, त्यामुळे वह्या राखणे अंगवळणी पडलेले. कवित्वाच्याही वह्याच होत्या. त्या वह्या पाण्यात बुडवण्याचा प्रसंग आला. त्यानंतर ते देवाच्या दारी धरणे धरून बसले. पुढे जे घडले त्यासाठी त्यांनी योजलेला शब्द 'समाधान' हा आहे, आणि त्या समाधानाचा कर्ता नारायण आहे.

येथे 'धरणे' या शब्दाकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. धरणे हा त्या काळच्या देण्याघेण्यातला परिचित प्रकार होता. ज्याचे येणे थकले आहे तो धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि त्याची समजूत पटेपर्यंत दारातून हलत नसे. तुकारामांनी दुष्काळात स्वतः देणेकऱ्यांचे तगादे अनुभवले होते. देवाच्या दारी बसताना ते भक्त आहेतच, पण त्यांची बैठक धनकोची आहे. या संदर्भात 'समाधान करणे' याचा अर्थ मन शांत होणे एवढाच राहत नाही. येणेकऱ्याचे समाधान करणे म्हणजे त्याचा दावा मान्य करून तो मिटवणे. तुकारामांच्या गाथेत देवाशी भांडणारे, त्याला कठोर शब्द सुनावणारे अभंग पुष्कळ आहेत. भाविक टीकाकार त्यांना प्रेमकलह म्हणून बाजूला सारतात. ते काहीसे घाईचे वाटते, कारण धरणे धरून बसणाऱ्याच्या तोंडी तीच भाषा साहजिक आहे.

परमेश्वराने ज्या स्थितीत ठेवले तीत राहावे, असे सांगणारा दुसरा एक अभंग महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. तो दुष्काळानंतरच रचला गेला असे सिद्ध करता येणार नाही. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत निघालेल्या गाथेपासून आजवरच्या कोणत्याही आवृत्तीत अभंगांचा कालक्रम लावता आलेला नाही. तथापि त्याची भाषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यातही 'समाधान' आहे, परंतु ते मिळवावे किंवा करावे असे म्हटलेले नाही. ते चित्तात 'असू द्यावे' असे म्हटले आहे. 'देणे' या सहायक क्रियापदाचा हा अनुज्ञार्थक प्रयोग आहे. येऊ देणे, बसू देणे, असू देणे यांत अडवणे थांबवावे एवढीच अपेक्षा असते. म्हणजे समाधान ही प्रयत्नाने निर्माण करण्याची वस्तू नव्हे, तिला आड येऊ नये इतकेच. वेदान्तातील षट्संपत्तीत समाधानाचा अर्थ चित्ताची एकाग्रता असा होतो. मराठीत तो संतोषाकडे वळला, आणि या अभंगात दोन्ही छटा एकत्र आल्या आहेत.

त्याच अभंगात 'वाहणे' हे क्रियापद दोनदा आले आहे. पहिल्यांदा ते उद्वेगाशी जोडलेले आहे, दुसऱ्यांदा संसाराशी. मराठीत ओझे वाहतात, चिंता वाहतात, आणि देवाला फूलही वाहतात. संस्कृत 'वह्' धातूपासून आलेल्या या शब्दाला नेणे आणि अर्पण करणे असे दोन्ही अर्थ आहेत. उद्वेग वाहणारा दुःखच पदरी पाडून घेतो. मात्र संसार देवाच्या पायी वाहायचा असतो. म्हणजे वाहण्याचे काम सुटत नाही, त्याची दिशा बदलते. या दोहोंच्या मध्ये 'भार घालणे' हा वाक्प्रयोग उभा आहे. 'टाकणे' आणि 'घालणे' यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. टाकलेली वस्तू कोणी उचलेल, न उचलेल. घालण्याला मात्र बहुधा घेणारा लागतो. कानावर घालणे, एखाद्याच्या अंगावर काम घालणे, गळ घालणे ही उदाहरणे पाहावीत. मराठी बायबलमधील पंचावन्नाव्या स्तोत्रातही परमेश्वरावर सोपवायचा तो 'भार'च आहे, पण तेथे क्रियापद 'टाकणे' हे योजलेले आहे. 'देवाला साकडे घालणे' हा प्रयोगही घालण्याच्याच गटातला. साकडे म्हणजे मुळात 'संकट'च, आणि संकट म्हणजे अरुंद, कोंडीची जागा. ती कोंडी जशीच्या तशी देवावर घालायची. अलीकडे वृत्तपत्रांत मंत्र्यांनाही साकडे घातले जाते. शब्दांनाही असे दिवस पाहावे लागतात.

शिवाय घालण्या-वाहण्याची ही दोन्ही क्रियापदे अभंगात प्रथमपुरुषी ऊकारान्त रूपांत येतात. ती रूपे निश्चयाची आहेत, सिद्ध झालेल्या स्थितीचे वर्णन करणारी नाहीत. शांती लाभली असा दावा तेथे नाही. भार घालण्याचा संकल्प तेवढा आहे.

या भाषेमागे अर्थातच मोठी परंपरा आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात अनन्य भक्तांचा योगक्षेम स्वतः भगवान वाहतात. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार योग म्हणजे अप्राप्ताची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे प्राप्ताचे रक्षण. १२९० मधील ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणारी पक्षिणी आणि स्वतःची तहानभूक विसरून तान्ह्याचे हित पाहणारी माउली हे दृष्टान्त आले आहेत. तेथे सारी क्रिया ईश्वराच्या बाजूला आहे; पिलू काहीच करीत नाही. तुकारामांच्या त्या अभंगात 'वह्' कुळातील क्रियापदाचा कर्ता माणूस झाला आहे. हा बदल लहान दिसतो, पण तो अन्नाविना घरातले माणूस गेलेले पाहिलेल्या कवीने केलेला आहे. इतरत्र मात्र तुकारामही जुन्या वळणावर येतात. देव हात धरून बरोबर चालतो आणि भारही तोच चालवतो, असे सांगणारा त्यांचा अभंग प्रसिद्धच आहे.

संतांच्या शिकवणुकीने समाज निष्क्रिय झाला, हा आक्षेप इतिहासाचार्य राजवाडे यांनी तीव्रतेने मांडला होता. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मधील आपल्या ग्रंथात त्याच्या उलट भूमिका घेतली होती. त्या वादाचा निकाल केवळ शब्दांच्या आधारे लागणार नाही. पण ईश्वरावर भरवसा ठेवण्याचे दोन प्रकार मराठी भाषेने स्वतःच वेगळे ओळखले आहेत, हे नमूद करायला हवे. खाटल्यावर पडून हरीच्या देण्याची वाट पाहणाऱ्याची थट्टा करणारी म्हण तिच्यातच आहे. 'देवावर हवाला ठेवणे' हा वाक्प्रचारही आज बहुधा निरुपाय झालेल्या किंवा आळशी माणसाविषयी वापरला जातो. मुळात 'हवाला' हा अरबी शब्द ऋणव्यवहारातला आहे : एकाच्या डोक्यावरचे देणे रीतसर दुसऱ्याकडे वर्ग होणे. तसे ते वर्ग व्हायचे, तर ते ज्याच्याकडे जाते त्याने ते पत्करावे लागते.