'रास्ना' म्हणजे कोणती?

हळर्णच्या परिसरात मृगाच्या आगेमागे जुन्या आंब्याफणसांच्या खोडांवर सीतेची वेणी फुलते. ती ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या, कुळातील. याच कुळातील 'वांडा' ही औषधी वनस्पती आजचा माझा विषय आहे. मी भाषेचा अध्यापक असल्याने आरंभ नावापासून करतो.

संस्कृतात 'वंदा' म्हणजे परोपजीवी वनस्पती, आपले बांडगूळ. सर विल्यम जोन्स यांनी हा शब्द उचलला आणि 1820 साली रॉबर्ट ब्राऊन यांच्या लेखनातून तो या प्रजातीचे शास्त्रीय नाव ठरला. हे नाव तिच्यावर अन्याय करणारे आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी केवळ आश्रय घेते. तिच्या लोंबत्या मुळांवरील पांढरट, सच्छिद्र आवरण पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेते.

तिचे दुसरे नाव 'रास्ना'. वातविकारांवरील महारास्नादी काढा आपल्या घरांना परिचित आहे. परंतु रास्ना कोणती? भारतीय आयुर्वेदिक औषधकोश 'प्लुकिया लॅन्सिओलाटा' या झुडपाला रास्ना मानतो. दक्षिणेत कोळिंजनाच्या वर्गातील कंद वापरतात. बंगालकडे वांड्याची मुळे. म्हणजे रास्ना समजून रानातली आमरी ओरबाडणारा कदाचित वैद्याला नको असलेलीच वस्तू आणीत असतो.

ही हानी सहज भरून येणारी नाही. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात अन्नसाठा नसल्याने विशिष्ट बुरशीच्या साहाय्यावाचून ते रानात रुजत नाही, आणि रुजले तरी फुलायला अनेक वर्षे लागतात. 1922 साली लुईस नडसन यांनी साखरयुक्त अगरवर बुरशीविना बी अंकुरवून दाखविले. तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपे तयार करण्याचा मार्ग खुला झाला.

घरच्या लागवडीसाठी मात्र वादळात मोडलेल्या फांदीबरोबर खाली पडलेले रोपटे पुरते. पावसाळ्याच्या आरंभी ते आंब्याच्या खडबडीत खोडाला सुंभाने सैलसर बांधावे. त्याला कोवळे ऊन व वाहती हवा हवी, माती नको. रोप उंच वाढले की तीन-चार मुळांसह शेंडा कापून दुसऱ्या झाडावर बांधावा. उरलेल्या बुंध्याला बहुधा बगलेतून फुटवे येतात. शेंडा व फुटवे स्वतःची मुळे धरीपर्यंत तोडणी करू नये; नंतर जुन्या बुंध्याचीच काही मुळे घ्यावीत. वैद्याच्या सल्ल्यावाचून ती पोटात घेऊ नयेत, हे सांगणे नलगे.

विद्यार्थिमित्रांनो, कोणी तुमच्याकडे रास्ना मागितली, तर 'कोणती?' असे अवश्य विचारा. त्या एका प्रश्नाने आपल्या रानातील एखादी आमरी वाचेल आणि रोग्यालाही योग्य ते औषध मिळेल.