२२० वजा वय: काकांचा मैल आणि एक जुनी रेघ

माझे काका ४६ वर्षांचे आहेत. एक मैल सहा मिनिटांच्या आत धावायचा, असं त्यांनी ठरवलंय. मैल म्हणजे १६०९ मीटर, ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर. प्रत्येक फेरी ८९ सेकंदांत यायला हवी. आयर्लंडच्या इमन कॉगलननं १९९४ साली, वयाच्या ४१व्या वर्षी, मैल ३:५८.१५ मध्ये मारला होता. चाळिशीनंतर चार मिनिटांच्या आत येणारा तो पहिलाच. त्यापुढे काकांचं स्वप्न माफकच म्हणायचं!

मागच्या महिन्यात जोरात फेऱ्या मारताना हृदयाचे ठोके १८६ दिसले. ॲपनं ठरवलेली कमाल होती १७४. काकांनी धावणंच बंद केलं आणि मला फोन लावला, "तू पीएचडी करतोस ना? मग सांग, जास्त जगणारे की नाही मी?"

१७४ म्हणजे २२० वजा ४६. या सूत्रासाठी सहसा फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१च्या लेखाचा दाखला देतात. २००२ मध्ये रॉबर्ग्ज आणि लँडवेअर यांनी त्याचा माग काढला. तिथे रीतसर रिग्रेशन नव्हतंच. साधारण ३५ बिंदूंमधून नजरेनं ओढलेली एक रेघ होती, बस्स. (लिटरेचर रिव्ह्यू करताना मूळ लेख उघडून बघा, असं गाइड का ओरडतात ते मला इथे कळलं.)

मग चांगलं सूत्र वापरू! तनाका आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३५१ अभ्यास आणि १८,७१२ लोकांची माहिती एकत्र केली. त्यांचं सूत्र २०८ वजा ०.७ गुणिले वय. काकांसाठी उत्तर येतं १७५.८.

म्हणजे फरक दोन ठोक्यांचासुद्धा नाही. दोन्ही रेघा चाळिशीला एकमेकींना छेदतात, त्यामुळे विशी आणि सत्तरीत सूत्र बदलल्यानं फरक पडतो, काकांच्या वयात जवळजवळ नाहीच. मी अर्धा दिवस चुकीच्या प्रश्नावर घालवला होता.

खरा मुद्दा रेघेभोवतीच्या विखुरण्याचा. प्रमाण विचलन साधारण १० ठोके आहे. म्हणजे काकांच्या वयाच्या दर सहा-सात माणसांत एकाची कमाल १८६ च्या आसपास किंवा वर असणार. सूत्र गटाची सरासरी सांगतं, काकांचं हृदय त्याला माहीत नाही. आपणही प्रबंधात सरासरी छापतो आणि विचलन तळटीपेत ढकलतो, नाही का?

अर्थात, आकडेवारीवरून छातीची हमी देता येत नाही. म्हणून काकांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली, आणि तिथेच ठोके १८८ पर्यंत गेले.

आता आठवड्यातून एकदाच वेगाच्या सहा फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश धावणं, कारण मैलात बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनवरच मिळते. परवाची फेरी ९१ सेकंदांची होती.