बोन्दार्चुक यांचा 'युद्ध आणि शांती' : महाचित्रपटाची निर्मिती व वारसा

प्रस्तावना :
लिओ टॉलस्टॉय यांच्या कादंबरीवर सर्गेई बोन्दार्चुक यांनी दिग्दर्शित केलेला चार भागांचा सोव्हिएत चित्रपट १९६६-६७ मध्ये प्रदर्शित झाला. युद्धाची निरर्थकता सांगणारी कलाकृती लष्कराच्याच साहाय्याने साकारताना तिचा मूळ आशय टिकतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मिती :
याच कादंबरीवरील किंग व्हिडॉर यांचा अमेरिकन चित्रपट १९५६ मध्ये आला होता. शीतयुद्धाच्या वातावरणात या अभिजात कृतीचे चित्रण करणे हा सोव्हिएत संघाच्या प्रतिष्ठेचा विषय बनला. बोरोदिनोच्या लढाईला दीडशे वर्षे पूर्ण होत असताना, १९६२ मध्ये, मॉसफिल्मने चित्रीकरणास प्रारंभ केला. संग्रहालयांनी वस्तू पुरविल्या, तर सैन्याने मनुष्यबळ दिले. चित्रपटात १,२०,००० सैनिक होते, असे वारंवार लिहिले जाते. तथापि ही अतिशयोक्ती असून प्रत्यक्ष संख्या सुमारे १२,००० होती, असे स्वतः बोन्दार्चुक यांनीच स्पष्ट केले होते. दिग्दर्शनाबरोबरच पिएरची भूमिकाही त्यांनी केली. या श्रमांचा ताण एवढा होता की १९६४ मध्ये त्यांना हृदयविकाराचा गंभीर झटका आला.

आशयाचा प्रश्न :
इतिहास सेनापतींच्या इच्छेने घडत नाही, ही टॉलस्टॉय यांची भूमिका होय. बोरोदिनोच्या प्रसंगात कॅमेरा उंचावरून धूर व गर्दी दाखवितो, तेव्हा कोणाचेही नियंत्रण उरलेले दिसत नाही. येथे भव्यता आशयाला पूरक ठरते. मात्र कादंबरीतील दीर्घ इतिहासचिंतन बहुतांशी गळाले, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

वारसा :
१९६९ मध्ये या चित्रपटास सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. हा मान मिळविणारा तो पहिला सोव्हिएत चित्रपट होय. बोन्दार्चुक यांचा 'वॉटर्लू' (१९७०) मात्र आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरला आणि स्टॅन्ली क्युब्रिक यांचा नियोजित 'नेपोलियन' रखडण्यास तेही एक कारण घडले. पुढे संगणकनिर्मित सैन्यांमुळे अशा निर्मितीची गरजच उरली नाही.

निष्कर्ष :
सारांश, सैनिकांच्या संख्येवरून या चित्रपटाचे मोल ठरविणे योग्य नव्हे. ऑस्टरलिट्झच्या रणभूमीवर जखमी आन्द्रेई आकाशाकडे पाहतो, त्या क्षणी चित्रपटाला एकाही सैनिकाची आवश्यकता भासत नाही. राज्यसत्तेच्या साधनांनी सत्तेच्या गर्वाचे खुजेपण दाखविणे, यातच त्याचे यश सामावले आहे.