व्यावसायिक परिषदांतील अनधिकृत प्रचार : व्याख्या आणि निवारण

व्यावसायिक परिषद ही केवळ निबंधवाचनाची सभा नसते. वैद्यक, अभियांत्रिकी, ग्रंथालयशास्त्र इत्यादी क्षेत्रांतील मोठ्या परिषदांना जोडून उपकरणांचे, औषधांचे वा ग्रंथांचे प्रदर्शन भरते. तेथील गाळ्यांच्या भाड्यातून परिषदेच्या खर्चाचा बराच भार उचलला जातो, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांचे प्रवेशशुल्क माफक ठेवणे शक्य होते. जो विक्रेता भाडे न भरता त्याच समुदायाचा लाभ उठवतो, तो संयोजकांबरोबर पर्यायाने त्या विद्यार्थ्यांचेही नुकसान करतो. हा प्रश्न सामान्यतः व्यवस्थापनाचा मानला जातो. तथापि त्याच्या मुळाशी व्याख्येचा प्रश्न आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकास परका नाही.

अमेरिकेतील प्रदर्शन-व्यवसायात या आगळिकीचे दोन प्रमुख प्रकार मानले आहेत. पहिला 'सूटकेसिंग'. यात मनुष्य प्रेक्षक म्हणून प्रवेश घेतो आणि गाळ्यांमधील वाटांवर, उपाहारगृहात किंवा जिन्यापाशी आपला माल खपवू पाहतो. आपल्याकडील फेरीवाल्याशी त्याचे साम्य उघड आहे. भेद इतकाच की, याची पाटी झाकलेली असते. दुसरा 'आउटबोर्डिंग'. यात विक्रेता परिषदेच्या आवारात येतच नाही. तो जवळच्या हॉटेलात दालन घेतो आणि ऐन सत्रांच्या वेळी प्रतिनिधींना तेथे बोलावतो. याशिवाय, परिषदेचे अधिकृत निवास-कार्यालय असल्याची बतावणी करून खोल्यांसाठी आगाऊ रक्कम उकळणारेही असतात. ही तर सरळ फसवणूकच होय.

आता मुख्य अडचण पाहू. "आमचे नवे यंत्र एकदा पाहून जा," हे वाक्य गाळ्यात उभ्या असलेल्या प्रदर्शकाने उच्चारले तर तो त्याचा हक्क ठरतो. तेच वाक्य वाटेवरील प्रेक्षकाने उच्चारले तर नियमभंग होतो. शब्द, व्याकरण आणि अर्थ यांत तिळमात्र फरक नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले की, बोलणे ही कृती असते आणि ती यथोचित ठरण्यास योग्य व्यक्ती व योग्य परिस्थिती लागते. त्याच दृष्टीने पाहता येथे दोष वाक्यात नसून वक्त्याचा अधिकार, स्थळ व वेळ यांत आहे. म्हणून "कोणत्याही प्रकारच्या प्रचारास मनाई आहे" असा सरसकट नियम सदोष ठरतो. आपल्या प्रबंधाची प्रत प्राध्यापकांच्या हाती देणारा, नोकरीची चौकशी करणारा वा मतभेदाचे पत्रक वाटणारा विद्यार्थीही त्यात सापडतो.

'साइड इव्हेंट' अर्थात् उपकार्यक्रम या शब्दाचेही तसेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-परिषदांत हा शब्द रीतसर अर्ज करून मान्यता मिळवलेल्या कार्यक्रमांना लावतात. म्हणजे उपकार्यक्रम असणे हा दोष नव्हे. संमतीवाचून आणि मुख्य सत्रांशी स्पर्धा करून तो भरविणे हा दोष होय.

निवारणाचे उपाय यावरूनच निघतात. पहिला, गाळ्याच्या करारातच निषिद्ध वर्तनाची व्याख्या द्यावी आणि सत्रांच्या वेळात बाहेर कार्यक्रम न करण्याची अट घालावी. दुसरा, प्रतिनिधींसाठी खोल्या राखताना हॉटेलांशी असाही करार करावा की, त्या दिवसांत सभादालने संयोजकांच्या संमतीवाचून कोणास देऊ नयेत. तिसरा, प्रेक्षक व प्रदर्शक यांच्या बिल्ल्यांचे रंग निराळे ठेवावेत आणि तक्रार कोणाकडे करावी हे आधीच जाहीर करावे. चौथा, शिक्षा पायरीपायरीने द्यावी : प्रथम समज, नंतर बिल्ला काढून घेणे, आणि प्रदर्शक संस्था दोषी असल्यास पुढील वर्षी गाळा निवडण्याचा अग्रक्रम रद्द करणे. पाचवा, छोट्या विक्रेत्यांसाठी अल्प भाड्याची मेजे आणि उपकार्यक्रमांसाठी मोकळा वेळ उपलब्ध करावा. सरळ मार्ग परवडेनासा झाला की आडवाट रुळते.

या उपायांना मर्यादा आहे, हेही मान्य केले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्को येथे सामान्यतः दर जानेवारीत भरणारी जे. पी. मॉर्गन आरोग्यसेवा परिषद निमंत्रितांपुरती असते. १९८३ मध्ये हॅम्ब्रेक्ट अँड क्विस्ट या संस्थेने ती परंपरा सुरू केली. आज निमंत्रण नसलेलेही अनेकजण त्या आठवड्यात शहरात येतात आणि आसपासच्या हॉटेलांत व उपाहारगृहांत भेटी ठरवतात. संयोजकांचा अधिकार कराराच्या कक्षेपुरता चालतो. शहरातील संभाषणावर तो चालू शकत नाही आणि चालूही नये.

सारांश, नियम करणाऱ्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत : हेतू विक्रीचा आहे काय? बोलणाऱ्यास त्या स्थळी तो अधिकार आहे काय? त्यामुळे सत्रांतील श्रोते दुसरीकडे ओढले जातात काय? हे न पाहता केलेला नियम कसलेल्या विक्रेत्यास अडवीत नाही. तो वाटेत उभ्या असलेल्या संकोची विद्यार्थ्यास मात्र गप्प करतो. आणि परिषद भरते ती त्याने बोलावे म्हणूनच.