फूल आधी, पान नंतर

पडघ्याहून नाशिक रस्त्याने शहापूरकडे निघाले की माहुलीचा डोंगर दिसू लागतो. भोवती तानसा अभयारण्याचे पानगळीचे जंगल. ऑर्किड म्हटले की आपण अशा जंगलात मान वर करून पाहतो, कारण द्रौपदीची वेणी झाडावर असते. पण काही ऑर्किडे जमिनीतच वाढतात. त्यांतले एक अगदी चिमुकले, नर्व्हिलिया क्रोसिफॉर्मिस. सह्याद्रीत ते आहे, तसेच आफ्रिकेतही. झिम्बाब्वे, मलावीकडच्या रानांत पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा ते तेथे फुलते; आपल्याकडे मृगाच्या सरी आल्या की.

पहिल्या पावसानंतर कुजणाऱ्या पाचोळ्यातून नुसता दांडा वर येतो. त्यावर एकच फूल. पानाचा पत्ता नाही! फूल थोड्याच दिवसांत सुकते. फळ धरले तर दांडा उंच वाढतो, म्हणजे बी वाऱ्याला सापडते. मग जमिनीलगत एकुलते एक गोलसर पान येते. फूल आणि पान एकमेकांना भेटतच नाहीत, त्यामुळे नवख्याला ही दोन वेगळी झाडे वाटतात. पावसाळाभर ते पान अन्न तयार करते आणि ते जमिनीखालच्या छोट्या कंदात साठते. पुढच्या वर्षीचे फूल याच शिदोरीवर येते. पान तुडवले गेले तर ते फूलही धोक्यात.

बियांची गोष्ट आणखी नाजूक. त्या धुळीसारख्या बारीक असतात. हरभऱ्याच्या डाळिंबीत रोपासाठी अन्न असते, तसे यांच्यात नसते. मातीतल्या विशिष्ट बुरशीचे तंतू बीमध्ये शिरले, तरच रोपाला त्या बुरशीकडून अन्न मिळते. म्हणून या ऑर्किडचे घर म्हणजे केवळ जमीन नव्हे. सावली, ओलावा, पाचोळा आणि बुरशी मिळून ते होते. उन्हाळ्यातल्या वणव्यात पाचोळा जळतो. भिवंडी-पडघा भागात गोदामांसाठी जमीन सपाट केली जाते, तेथे मातीचा वरचा थरच जातो. त्या जागी नंतर झाडे लावली, तरी हे घर लगेच परत येत नाही. कंद उकरून कुंडीत लावण्याचा मोह आम्हांलाही होतो, पण कुंडीत तो बहुधा टिकत नाही.

जूनमध्ये मुलांसह रानात गेलात आणि असे बिनपानाचे फूल दिसले, तर थोड्या अंतरावर खुणेचा दगड ठेवा. ऑगस्टमध्ये तेथेच परत जा आणि दगडाजवळ पान शोधा.