कौशल्याचा खेळ, तरीही बंदी

अमरावतीचा जितेश शर्मा आयपीएलमध्ये खेळू लागला, तसे वऱ्हाडातल्या पोरांच्या मोबाइलवरच्या संघांतही त्याचे नाव येऊ लागले. अकोल्यात, अमरावतीत अजूनही ऐकू येते, “हा काही जुगार नाही, कोर्टानेच सांगितले आहे.” या समजाला एकेकाळी आधार होता. खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवणे म्हणजे फॅन्टसी स्पोर्ट्स. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम11 चा असा खेळ कौशल्याचा मानला, आणि राज्याच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केलेल्या कायद्याने मात्र तो प्रश्नच बाजूला ठेवला. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ (ऑनलाइन मनी गेम) त्यात निषिद्ध ठरला, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. एकेरी मार्गावर उलट दिशेने निघालेला चालक किती सराईत आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. तसेच हे आहे.

उलट टोकाची भीतीही चुकीची आहे. या कायद्यात शिक्षा खेळणाऱ्याला नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरात करणाराही सुटत नाही. पैसे न लावता संघ बनवायला हरकत नाही. कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये स्वतःकडे घेतली.

ड्रीम11 ने आपल्या सशुल्क स्पर्धा कायदा होताच थांबवल्या. म्हणून आज कोणी टेलिग्रामवरून ‘परवानाधारक’ अ‍ॅपची लिंक पाठवली, तर पैसे टाकू नका.