चेंडू बुडू द्या, जीव जपा!

अमेरिकेत फ्लोरिडातील सॉग्रास हे गोल्फ मैदान १९८० साली दलदलीच्या जागेत सुरू झाले. त्याच्या सतराव्या होलची हिरवळ पाण्यातल्या बेटासारखी आहे. फटका चुकला की चेंडू बुडाला. फ्लोरिडाच्या तळ्यांत मगरी असतात, म्हणून चेंडूसाठी पाण्यात हात घालायचा नाही. विजेचा धोका त्याहून मोठा. हे दूरचे वाटेल. पण आपल्या वस्त्यांतली मुलेही कॅडी म्हणून गोल्फच्या बॅगा वाहतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो : गडगडाट ऐकू येताच बॅग खाली ठेवा, झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. साहेब रागावले तरी चालेल. घरी आई वाट पाहते आहे.